मावशीच्या जागी मी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. ज्या मुलामुलींसमोर गेली कित्येक वर्षं मी ‘संवाद’ आणि ‘विश्वास’ असे शब्द फळ्यावर लिहिते, त्यांना तर नाहीच. दोनदा सांगायला तोंड उघडलं होतं — दोन्ही वेळा भलतंच काही बोलून बसले. समोरासमोर मला जमत नाही, हे आता मान्य करायला हवं. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही मला ओळखत असाल तर एवढंच ओळखत असाल — आष्टीच्या एका कारकुनाची मुलगी, शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली, शांतता हा विषय घेऊन पदवी मिळवून आली आणि परत वर्ध्यालाच राहिली. बाबांचे कचेरीतले मित्र तेव्हा चेष्टा करायचे, शांततेची डिग्री म्हणजे तिथं काय पोरीला गप बसाचं शिकवते का? बाबा हसायचे. परत आले याचं लोकांना फार कौतुक आहे. मी ते कौतुक ऐकून घेते. पण ज्या गोष्टीमुळे मी गेले, ती गोष्ट —

थांबा. आधी मावशीचं सांगते.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. आर्वी आणि आष्टीच्या मधलं तळेगाव आहे ना, तिथं हायवे सोडून दोन गल्ल्या आत तिचं घर. मावसाजी आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, सकाळी डबा घेऊन गेले की दिवेलागणीला यायचे. त्यांना मूल नव्हतं. मी आर्वीच्या कॉलेजात बी.ए.ला गेले तेव्हा मावशीनंच आईला निरोप धाडला, पोरगी माझ्याकडे राहील, रोज आष्टीहून धक्के खात कशाला यायचं. तीन वर्षं राहिले. समोरच्या खोलीत तिची शिलाई मशीन, आतल्या खोलीत माझी पुस्तकं. ती चौथीपर्यंत शिकलेली. ब्लाऊज शिवायची. गावातल्या कितीतरी बायकांची मापं तिला तोंडपाठ होती, आणि मापं घेता घेता त्यांनी सांगितलेलं सगळंही. ते मात्र तिच्या तोंडून कधी बाहेर पडत नसे. माझी वेणी ती घालून द्यायची — एकोणीस वर्षांच्या घोडीची! — आणि घालताना मला प्रश्नोत्तरं मोठ्यानं म्हणायला लावायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. आवडायचं म्हणे, पोरगी वाचते ते.

तिच्याकडे शिवायला येणाऱ्यांत दोघी होत्या, रत्नाबाई आणि कुसुमताई. चुलत जावा. घरं लागून, शेतंही लागून. दोन्ही शेतांमधून पांदण जायची, बंडी निघेल एवढी कच्ची वाट. ती कुणाच्या हद्दीतली यावरून वाद झाला आणि ऐन कापूस निघायच्या वेळी कुसुमताईच्या नवऱ्यानं त्या पांदणीवर बाभळीचे काटे आणून टाकले. रत्नाबाईच्या घरचा कापूस शेतातच अडकला. काठ्या निघाल्या. रत्नाबाईच्या नवऱ्याचा हात मोडला आणि आर्वीच्या कोर्टात केस उभी राहिली. मी राहायला गेले तेव्हा या सगळ्याला चार वर्षं होऊन गेली होती. मावशीकडे एक बसलेली दिसली की दुसरी दारातूनच परत फिरायची.

त्या वर्षी रत्नाबाईच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं.

एका सकाळी मावशीनं उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली. रत्नाबाई लग्नाचं कापड घेऊन आली तेव्हा तिला सांगितलं की मशीनवरचं सगळं मी करून देईन, पण हाताची तुरपाई जमायची नाही, अंगठ्याला लागलंय. अशी बारीक तुरपाई गावात एकटी कुसुम करते. तिच्या हातची चालत असेल तर ठेव, नाहीतर आर्वीला टाक. रत्नाबाईनं कापड उचललं आणि निघून गेली. तीन दिवसांनी परत आली. मग कुसुमताईला बोलावणं गेलं. तिला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ती आली.

पंधरा दिवस त्या दोघी आमच्या समोरच्या खोलीत येत होत्या. कुसुमताई खिडकीशी, हातात सुई. रत्नाबाई दाराजवळ. तिला मावशी रोज काही ना काही कारणानं बोलावून घ्यायची, अस्तर कोणतं घालू, गळा किती ठेवू, हुक पुढून की मागून. मधे मावशी, मशीन चालवत. भांडणाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. वांग्याचा भाव, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेला दिवस गेले — असलंच बोलणं. दोघी तिच्याशी बोलायच्या, एकमेकींशी नाही. मी आतल्या खोलीतून ऐकायची आणि मला वाटायचं, ही बाई आपला वेळ वाया घालवते आहे.

दहावा की अकरावा दिवस असेल. कुसुमताईनं मान वर न करता विचारलं, “पोरीची बाही जराशी सैल ठेवू का? लग्न झाल्यावर अंग भरते.”

मशीन थांबली. रत्नाबाई म्हणाली, “ठेव.”

बस. चार वर्षांनंतर रत्नाबाई तिच्याशी बोलली तो पहिला शब्द — ठेव. मग ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली. कुसुमताई तशीच तुरपाई करत राहिली, टाके वेडेवाकडे पडत होते तरी. मावशीनं पुन्हा मशीन चालू केली.

पल्लवीच्या लग्नात कुसुमताईच्या घरचे सगळे होते. पुढचा कापूस निघायच्या आत तिच्या नवऱ्यानं स्वतः जाऊन पांदणीवरचे काटे ओढून काढले. दोन्ही घरचे पुरुष एकाच बसनं आर्वीला गेले आणि आपसात मिटवतो म्हणून सह्या करून आले.

आणि अंगठा? तो मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. संध्याकाळी मावशीनं चिंधी सोडून खुंटीला अडकवली आणि कणीक मळायला घेतली. अंगठा धडधाकट. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं.

“कोनाले सांगू नोको,” ती म्हणाली. मी मान हलवली.

पुढे मी एम.एस.डब्ल्यू. केलं, वर्ध्याला एका संस्थेत लागले. तिथल्या एका ताईंनी या शिष्यवृत्तीबद्दल सांगितलं. जगभर शाखा असलेला एक सेवाभावी क्लब आहे, तो दरवर्षी काही जणांना शांतता आणि तंटे मिटवणं या विषयाच्या अभ्यासाला परदेशी पाठवतो. अर्जासोबत निबंध हवा होता. तुमच्या आजूबाजूचा एखादा संघर्ष सांगा, आणि तो सोडवण्यासाठी तुम्ही काय केलंत ते सांगा.

मी काय केलं होतं? अहवाल टाइप केले होते. बैठकांच्या रजिस्टरवर सह्या घेतल्या होत्या.

पहिला मसुदा खरा होता. हे मला आवर्जून सांगायचं आहे — नाही, आवर्जून कशाला? त्यानं काय बदलतं? खरा होता एवढंच. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी तो वाचत होते. प्रत्येक वाक्यात मावशी. मावशीनं हे केलं, मावशीनं ते केलं. निबंध चांगला झाला होता, पण तो मावशीचा अर्ज वाटत होता. मी एका वाक्यातली ‘मावशी’ काढून ‘मी’ घातलं. नुसतं कसं दिसतं ते बघावं म्हणून. बरं दिसलं. मग दुसऱ्या वाक्यात. मग तुरपाईचं काम माझ्याकडे असायचं असं लिहावं लागलं, मग अंगठा माझा झाला, चिंधी मी बांधली, त्या दोघींना बसवून घेतलं मी. सुट्टी संपायच्या आत सगळं झालं होतं. मावशी निबंधात उरली ती एवढीच — ‘माझ्या मावशीच्या घरी’. तुम्हाला वाटेल हात थरथरले असतील. नाही थरथरले. उलट एक वाक्य लांबलं होतं ते मी नीट केलं.

नागपूरला मुलाखत झाली. टेबलाच्या पलीकडे पाचसहा जण. एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, अंगठा बरा आहे हे त्या बायकांना कळलं असतं तर? मी म्हटलं, कळलं नाही, मी फार काळजी घेतली होती. ते हसले. सगळेच हसले. मला तिथेच कळलं की मी जाणार.

निघायच्या आधी आठ दिवस मावशी आष्टीला आमच्याकडे येऊन राहिली. माझ्या सगळ्या कुर्त्यांना तिनं आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलं. लावता लावता विचारलं की ही शिष्यवृत्ती कशाची. मी म्हटलं, भांडणं कशी मिटवावी त्याच्या अभ्यासाची.

“त्याचाबी अभ्यास असते का?” ती म्हणाली आणि खूप हसली. दाताखालचा दोरा तोडत म्हणाली, “चांगलं हाय. शिकून येजो.”

इंग्लंडमध्ये क्लबच्या लोकांसमोर बोलणं हा शिष्यवृत्तीचाच भाग होता. कधी हॉटेलात दुपारचं जेवण, कधी चर्चच्या हॉलमध्ये चहा, आणि मग आमच्यापैकी एकानं उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं. मार्गारेट नावाच्या निवृत्त नर्सबाई क्लबनं माझ्यासाठी पालक म्हणून नेमल्या होत्या. त्यांनी मला जाड कोट दिला, दवाखान्यात नेलं, ख्रिसमसला घरी ठेवून घेतलं. अंगठ्याची गोष्ट त्यांना इतकी आवडली की त्या मला गावोगावच्या शाखांत घेऊन जायला लागल्या. गाडीत शेजारी बसवून म्हणायच्या, आज पुन्हा तीच सांग हं. मी सांगायची. कुठे थांबायचं, ‘ठेव’ हा शब्द किती हळू म्हणायचा, हे मला सवयीनं येत गेलं. लोक डोळे पुसायचे. खोटं बोलता बोलता माणसाला ते आठवणीसारखं दिसायला लागतं का? मला दिसायला लागलं होतं. खिडकीशी कुसुमताई, दाराशी रत्नाबाई, आणि मधे मशीनवर मी.

आमच्या वर्गात हरी म्हणून नेपाळचा एक शिक्षक होता. एका तासाला प्रत्येकानं आपल्या गावातला संघर्ष सांगायचा होता. हरीनं सांगितलं की त्यांच्याकडे बंदुकांचे दिवस होते तेव्हा काही माणसं शाळेत आली आणि त्याच्या सोबतच्या एका मास्तरांचं घर कुठलं म्हणून विचारलं. त्यानं हात करून दाखवलं. ते मास्तर पुन्हा कुणाला दिसले नाहीत. मी शांतता शिकायला आलो नाही, हरी म्हणाला, या हाताचं काय करायचं ते मला कळत नाही म्हणून आलो. सरांनी उठून खिडकी उघडली. आणि पुढचा नंबर माझा होता.

तेव्हा सांगता आलं नसतं का? त्याच्यापुढे माझं खोटं केवढंसं होतं! मी तोंड उघडलं. ही गोष्ट माझी नाही, असं वाक्य मी मनात जुळवलंसुद्धा होतं. आणि मी अंगठ्याची गोष्ट सांगितली — नेहमीसारखी, नेहमीच्या जागी थांबत. तास संपल्यावर हरी जवळ आला आणि हिंदीत म्हणाला की तुझं ऐकून बरं वाटलं, कुठंतरी असंही होतं म्हणायचं. मी त्याला थँक्यू म्हटलं.

मी परत आल्यानंतरच्या हिवाळ्यात मार्गारेट भारतात आल्या. सोबत क्लबचे आणखी तिघं. सेवाग्राम पाहून झालं, आमची संस्था पाहून झाली. मग त्या म्हणाल्या, मला ती खोली पाहायची आहे. मी रस्ता खराब असल्याचं सांगितलं. मावशीला बरं नसतं, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, पाचच मिनिटं बसू, तिला त्रास देणार नाही. मी त्यांना तळेगावला घेऊन गेले.

मावशीनं मशीनवर नवं कापड घातलं होतं. संत्री सोलून फोडी ताटात लावून ठेवल्या होत्या, एकेका फोडीचे दोरे काढून. मार्गारेट खोलीभर बघत राहिल्या. खिडकी बघितली, दार बघितलं. मग मावशीसमोर बसून बोलायला लागल्या, आणि मी मधे बसले — दोघींची भाषा येणारी मी एकटीच होते. त्या म्हणाल्या की तुमच्या भाचीनं एकोणीस वर्षांची असताना या खोलीत दोन घरं जोडली. आमच्या गावात सगळ्यांना ती गोष्ट माहीत आहे. तुम्हाला तिचा किती अभिमान वाटत असेल.

मी मावशीला सांगितलं, “मावशी, ह्या म्हणून राह्यल्या का तुहं घर लय चांगलं हाय. तू मले ठेवून घेतलं, शिकोलं, त्याचं त्याईले कौतुक वाटते.”

मावशी लाजून हसली. पण मार्गारेटना ते हसणं पुरेसं वाटलं नसावं. आपलं बोलणं नीट पोचलं नाही असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, आपल्या उजव्या अंगठ्याभोवती गुंडाळला, तो अंगठा वर धरला. मग माझ्याकडे बोट केलं आणि हात छातीवर ठेवला.

मावशी त्या रुमालाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग येईल याची मी वाट बघत होते. आला असता तर बरं झालं असतं. तिनं माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि माझा अंगठा मुठीत धरला, लहान लेकराचा धरतात तसा.

“सांग त्याईले,” ती म्हणाली, “माही पोरगी हुशार हाय.”

ते मी इंग्रजीत सांगितलं. त्या दुपारी शब्दाला शब्द बरोबर सांगितलेलं ते एकच वाक्य.

पाहुण्यांना गाडीत बसवून मी परत आत आले. मावशी कपबशा गोळा करत होती. माझ्याकडे पाठ होती तिची. म्हणाली, “तुले जाचं होतं त मले सांगाचं ना, वंदे. म्या कायले नाई मनलं असतं?”

मी कपबशा धुऊन पालथ्या घातल्या. तिनं हा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी वर्ध्याला निघाले तेव्हा उरलेली संत्री पिशवीत घालून दिली.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो गुन्हा, आणि मावशीनं तो पोटात घातला. मलाही पुष्कळ दिवस असंच वाटत होतं. तिनं देऊन टाकलं, म्हणजे आता ते माझं. पण मी जे सांगायला बसले आहे ते याच्या पुढचं आहे. याच्या पुढचं लिहायला मला चार दिवस लागले.

दोनेक वर्षांनी आमच्या संस्थेनं एक पुस्तिका काढायचं ठरवलं. जिल्ह्यातल्या अशा बायका, ज्यांनी गाजावाजा न करता गावातली भांडणं मिटवली. प्रत्येकीची मुलाखत, मोठा फोटो, आणि वर्ध्याला कार्यक्रम करून सगळ्यांना मंचावर बोलवायचं. काम अर्थातच माझ्याकडे आलं. या विषयात शिकून आलेली मीच होते. मी गावोगाव हिंडले, मनापासून हिंडले. शेवटी एक पान उरलं. सोबतच्या सहकाऱ्यानं विचारलं, मॅडम, तुमच्या आर्वी-आष्टीकडची एकही नाही, तिकडची कुणी आठवते का?

आठवते का!

मावशीला विचारलं असतं तर तिनं कदाचित सांभाळून घेतलं असतं. पण रत्नाबाई होती, कुसुमताई होती. गावात जाऊन कुणीही चौकशी केली असती. आणि तोवर माझी गोष्ट एका मासिकात छापून आली होती, संस्थेच्या प्रशिक्षणवर्गात मी ती मुलामुलींना शिकवत होते. मी सहकाऱ्याला म्हटलं, “आमच्या भागात तसं कुणी नाही.”

हे ते वाक्य. निबंधातलं खोटं मी स्वतःला काहीतरी मिळावं म्हणून बोलले होते. हे मी तिला काही मिळू नये म्हणून बोलले. त्या पानावर आम्ही संस्थेची माहिती छापली.

आणि छापून आलेली पुस्तिका मी तिला नेऊन दिली. का नेली? मला अजून कळलेलं नाही. माझं काम तिला दाखवायची सवयच होती, तेवढंच असेल. तिनं चष्मा लावला आणि एकेक पान बोट ठेवून पाहिलं. ही कोण, ही कुठली, हिनं काय केलं? मी सांगत गेले. शेवटचं पान झाल्यावर तिनं पुस्तिका उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा सरळ केली, पुन्हा एकदा सगळी पानं चाळली. ती स्वतःला शोधत होती का? की तिला नुसते फोटो आवडले होते? मी विचारलं नाही.

“साऱ्याच चांगल्या हाय बाया,” ती म्हणाली आणि ती पुस्तिका मशीनच्या खणात ठेवून दिली.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटचे तीन आठवडे मी रजा काढून तळेगावात होते. तिचे केस विंचरायची, भाताची पेज भरवायची. मावसाजी डेपोतून निवृत्त झाले होते, तेही दिवसभर बाजेजवळ बसून असायचे. एका दुपारी ते औषधं आणायला गेले तेव्हा मी म्हटलं, मावशी, ते पुस्तक मी आणलं होतं ना — आणि थांबले. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली की तुझी बाही उसवली आहे, सुई दे. मी सुईत दोरा ओवून दिला. चार टाके घातले आणि दमली. मी तिला पाणी पाजलं. बाकीचं वाक्य माझ्याजवळच राहिलं.

तेरवीला रत्नाबाई आणि कुसुमताई सकाळपासून राबत होत्या, एकाच परातीत कणीक मळत. दोघींचे केस पिकले आहेत आता. पंगत बसायला वेळ होता, बायका अंगणात टेकल्या होत्या, आणि कुसुमताई सांगायला लागली. पांदण, काटे, पल्लवीचं लग्न, मावशीची चिंधी. मी भाजी चिरत होते. मी ही गोष्ट इतक्या ठिकाणी सांगितली होती, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

“बाईचा आंगठा बरा होता हे मले पयल्याच दिवशी दिसलं,” कुसुमताई म्हणाली. “कात्री चालवतांनी चिंधी सुटली तिची. म्याच बांधून देली अन् बसली तुरपाईले. मलेबी कोनीतरी बसाले जागा द्यावं असं वाटतच होतं.”

तिनंच बांधून दिली होती. मी आत होते तेव्हा, दहा हातांवर. आणि मी परदेशात सांगत फिरले की कुणाला कळलं नाही, मी फार काळजी घेतली होती. वर्गात त्याला मी युक्ती म्हणत आले. ती युक्ती नव्हतीच. सगळं माहीत असून मावशीनं आणि कुसुमताईनं ते सोंग तसंच राहू दिलं होतं, आणि मला ते कधी समजलंच नव्हतं. मी जे उचललं ते काय होतं, हेही मला माहीत नव्हतं.

वर्ध्याहून माझ्या दोन सहकारी तेरवीला आल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं. एक माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, मॅडम, ही तर तुमची गोष्ट ना? तिच्या विचारण्यात संशयसुद्धा नव्हता. तिला वाटलं असेल, खेड्यातल्या बायका, सांगताना माणसांची अदलाबदल करतात.

मी म्हटलं, “पंगत बसते आहे, चला.” आणि वाढायला उठले.

मार्गारेटचं कार्ड दर नववर्षाला येतं. खाली नेहमी एकच ओळ असते, अंगठा कसा आहे? मी उत्तर पाठवते, छान आहे. या वर्षीही पाठवलं.

याला कारणं देता येतील. मी ती सगळी स्वतःला देऊन पाहिली आहेत, इथं देत नाही. तुम्ही मला काही म्हणावं म्हणूनही हे लिहिलेलं नाही. एवढं सगळं लिहिलं आणि आत्ता लक्षात आलं की मी तिचं नाव लिहिलेलं नाही. ते मी कधीच, कुठेच लिहिलं नाही.

तिचं नाव चंद्रकला. तळेगावच्या त्या दोन घरांमधलं भांडण चंद्रकलाबाईंनी मिटवलं. मी मिटवलं नाही.